हर्निया, हृदय आणि माझी मिस्त्रीगिरी

शेलार गावातल्या आमच्या कापडाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूमचा मिस्त्री, येणार म्हटलं की आधी लूमला बांधलेली सुतळी, अडकवलेली तार, सगळे जुगाड काढून टाकायचे. नाहीतर त्याला खरा बिघाड दिसणार कसा?

हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर मी हाच नियम स्वतःला लावला. हृदयाचे ठोके आवरणारी गोळी कित्येक वर्षं चालू होती, ती परस्पर बंद केली. म्हटलं, डॉक्टरांना अस्सल माल दिसू दे.

अस्सल माल टेबलापर्यंत पोचलाच नाही. छाती अशी उधळली की भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आधी मॉनिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, गोळी कुणाच्या सल्ल्यानं थांबवली?"

"माझ्याच."

"वा! ऑपरेशनच्या ताणात हृदय पळत सुटू नये, म्हणून तर ती चालू ठेवायची. एकदम सोडली तर जिवावर बेततं. तुमचा लूम बंद करून दुरुस्त होतो. मला मात्र तुम्हाला चालू ठेवूनच दुरुस्त करायचंय."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. घरी मोठ्या बहिणीनं निकाल दिला. "आता न्हाय जायाचा. हार्टवाल्याला भूल सोसत न्हाय. पोटाला पट्टा बांध नि गप बस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भडकलो. "ताई, चूक माझी होती, ती मी निस्तरीन. भीती तुमची आहे, ती मी का वागवू? पट्टा बांधून खुर्चीत बसायला मी काय दुकानातला पुतळा आहे?"

गोळी पुन्हा सुरू झाली, ठोके ताळ्यावर आले, नवी तारीख मिळाली. त्या सकाळी दवाखान्याच्या खोलीत मी गोळी काढली, तर ताईनं पाण्याचा ग्लासच पळवला.

"उपाशी सांगितलाय ना? परत घोळ घालतोस?"

"हा घोळ डॉक्टरबाईंनी सांगितलाय. गोळी आणि एक घोट पाणी. दे इकडे!"

"न्हाय!"

मग मी ती कोरडीच तोंडात टाकली. घशात अडकली. खोकलो, तशी हर्नियात अशी कळ उठली की ताईनं घाबरून स्वतःच ग्लास माझ्या तोंडाला लावला. "एकच घोट हां, मेल्या!"

टेबलावर डॉक्टरबाईंनी मॉनिटरवरचे शांत ठोके पाहून नुसतं "हं" केलं.

"बघता काय? कापा!" मी म्हणालो.

"आधी तोंड बंद," त्या म्हणाल्या आणि मास्क लावला.