दुकानात न चालणारा चेहरा

"तू नको हात लावू त्याले. पू-बिव लागंन शालूले."

काकू हे हळू बोलल्या नाहीत. समोर मोहाडीची लग्नाची पार्टी बसली होती. नवरी, तिची आई, दोन मावश्या. मी शालूची घडी उलगडत होते. हात तिथंच थांबले. नवरीनं आधी शालूकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे. तिच्या आईनं पदर उचलून उजेडात धरला. डाग शोधायला.

डाग नव्हता.

काकू म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. लाखनीला हायवेच्या काठावर त्यांचं कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. मी तिथं साड्या दाखवायला होते. बारावी झालेली. बाप राइस मिलमध्ये पोती उचलायचा, माय धानाच्या रोवण्याला, चिखलात रोपं लावायला जायची. आमच्या घरात सावलीत बसून काम करणारी मी पहिली. माय मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत फिरायची.

"गोदामात जाय," काकू म्हणाल्या. मी गेले. दार लोटलं तरी ऐकू येतच होतं.

"या लोकायले कितीही शिकवा जी, आंघोळीची सवय कुठून लागंन?"

पार्टी हसली.

या लोकायले. कामावर घेताना काकूंनी आडनाव विचारलं होतं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून गाव. मग गावातला मोहल्ला. मग म्हणाल्या, "अच्छा." त्या एका शब्दात आम्ही सगळे बसलो. बाप, माय, मी, घरातला बाबासाहेबांचा फोटो.

मुरमं दहावीत आली. शाळेतली पोरं मला मुरमाची खदान म्हणायची. मी साबणानं घासायचे. दिवसातून कितीदा तरी. गाल सोलून निघायचे तरी घासायचे. लिंबू चोळलं, टूथपेस्ट लावली, नखानं फोडलं. फोडलेलं प्रत्येक जाताना खड्डा ठेवून गेलं. सगळे घाण म्हणत होते, म्हणून मी घाण काढत होते. आंघोळीची सवय! काकूंच्या घरात माझ्याइतकं तोंड कोणी धुतलं नसेल.

पार्टी गेल्यावर काकूंनी मला बोलावलं आणि हातात एक ट्यूब दिली.

"लावजो रोज. साफ झालं का काउंटरवर बस. दुसरी कोणी असती तं काढून टाकली असती तुले."

ट्यूब थोडी वापरलेली होती. मला त्यात काही वाटलं नाही. आमच्या घरी बरंच काही वापरलेलंच येतं. मी वाकून पाया पडले.

चेहरा खरंच साफ झाला. मुरमं बसली, रंग उजळला. मी काउंटरवर आले. माय गालावरून हात फिरवून म्हणाली, "काकूचे उपकार हायेत, बाई."

मग चूल सहन होईना. जवळ बसलं की गाल पेटायचे. उन्हात पाच पावलं चाललं तरी तोंड लाल. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, गालांवर बारीक लव उगवली. ट्यूब संपली तेव्हा वाटलं, बरं झालं, सुटले. तर सगळं तोंड उसळून आलं. आधीपेक्षा वाईट. काकूंनी दुसरी दिली. मग आणखी एक. लावली तर चेहरा जळायचा. नाही लावली तर फुटायचा. फुटला की गोदाम. गोदामाला खिडकी नव्हती. कुठंच नव्हती.

काकूंची पोरगी श्रेया नागपूरला शिकायची. सुट्टीत आली होती. एकदा काकूंनी मला चहाचा थर्मास आणायला वर पाठवलं. श्रेया आरशासमोर बसली होती. तोंडावर कसल्यातरी जेलचे ठिपके. आणि त्याखाली मुरमं. माझ्यासारखीच. गालावर, हनुवटीवर. डिट्टो.

"तुम्हाले बी हायेत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो ना, यार. हार्मोन्समुळे होतं. नागपूरला डॉक्टरची ट्रीटमेंट चालू आहे." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू काय लावतेस?"

मी ट्यूबचं नाव सांगितलं.

"बाप रे, ती फेक! मम्मी आधी मला तीच लावायची. डॉक्टर केवढी रागावली मम्मीवर. स्टेरॉइड असतं त्यात, चेहऱ्याची वाट लागते. घरात ढीग होता तिचा. मम्मीनं सगळ्या टाकून दिल्या."

टाकून दिल्या. हो. माझ्यावर.

तिला काहीच माहीत नव्हतं. साध्या मनानं बोलली. मी थर्मास घेऊन जिन्यात उभी राहिले. पाय खाली जाईनात, वर तर जायचंच नव्हतं. मुरमं तीच. तिची हार्मोन्सची, माझी जातीची. तिला डॉक्टर, मला तिच्या तोंडावरून उतरलेलं विष. आणि वरून मी पाया पडले होते.

सुट्टीच्या दिवशी मायला घेऊन एसटीनं भंडाऱ्याला गेले, सरकारी दवाखान्यात. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बोटांनी गाल चाचपले. मायशिवाय माझ्या चेहऱ्याला हात लावणारं कोणी नव्हतं. मला रडू आलं.

"घाण नाही ही," त्या म्हणाल्या. "आजार आहे. घासून जात नाही, वाढतो. फोडायचं तर अजिबात नाही, फोडल्यानं खड्डे पडतात. सुरुवातीलाच औषध केलं असतं तर इतके पडले नसते."

"हे खड्डे जातील?"

"पूर्ण नाही जाणार. पुढं थोडे भरता येतील. पण आधी नवे पडू द्यायचे नाहीत."

एक जेल सकाळी, एक रात्री वाटाण्याएवढं, काही गोळ्या, उन्हासाठी वेगळं मलम. धीर धरायचा, महिने लागतात. आणि ट्यूब बंद. "बंद केल्यावर चेहरा भडकेल. फार भडकेल. घाबरून परत लावायची नाही."

माय हळूच म्हणाली, "पण मॅडम, दुकानवाली काढंन ना तिले."

डॉक्टरीणबाईंनी औषधांची चिठ्ठी तिच्या हातात दिली. दुकानवालीवर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

चेहरा भडकला. कपाळापासून गळ्यापर्यंत. उशीला गाल टेकवता येईना. मी तशीच कामावर गेले. तोंडावर ओढणी बांधली नाही. लग्नसराई होती, दुकान भरलेलं. काकूंनी पाहिलं आणि गल्ल्यातून नवी ट्यूब काढून काउंटरवर आपटली.

"काहून बंद केली? कोणाले विचारून? लाव हे. नाही तं गोदामात जाऊन बस."

घरचं धान्य, बापाची कंबर, मायचा अभिमान, सगळं त्या काउंटरवर पडलेलं होतं. मी ट्यूब उचलली. काकूंच्या पुढ्यात ठेवली.

"आधी श्रेयाच्या तोंडाले लावा. माह्यासमोर."

गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. काकूंच्या तोंडाचा रंग बदलला.

"जास्त बोलून राहिली तू. तुमची जातच..."

"बोला ना पुढं. सगळे ऐकून राहिलेत."

त्यांनी दाराकडे बोट केलं. मी चप्पल घातली.

एका संध्याकाळी माय चुलीकडे तोंड करून म्हणाली, "नुसतं मलम लावून चूप राहिली असती तं काय झालं असतं?" लाखनीतल्या बाकीच्या दुकानांत विचारलं. सगळीकडे माझ्याआधी काकूंचा फोन पोचलेला. मी मायसोबत रोवण्याला गेले. वर ऊन, खाली धानाच्या बांधीतलं चमकणारं पाणी, मध्ये माझं तोंड. उन्हाचं मलम लावून, डोक्यावरून कापड बांधून वाकत राहिले. औषध सोडलं नाही. आग हळूहळू निवली. नवी मुरमं कमी झाली.

खड्डे आहेत. राहणार आहेत. कोणी म्हणतं, मन सुंदर असलं की झालं. ज्याच्या तोंडावर दुसऱ्यांनी खड्डे पाडले नाहीत, त्यानं ते म्हणावं.

परवा चुलत बहिणीच्या हातात तसलीच ट्यूब दिसली. नववीत आहे ती. दोन-चार मुरमं आलीत. कोणा बाईनं मायेनं दिली म्हणे. मी ती चुलीत टाकली आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला भंडाऱ्याला नेलं. तिच्या गालावर अजून एकही खड्डा नाही. पडू देणार नाही.

मी आता तोंड झाकत नाही. कोणी विचारलं, काय झालं गं चेहऱ्याला, तर आजार झाला होता म्हणून सोडून देत नाही. आजार कोणता, विष कोणतं, आणि ते कोणी आपल्या पोरीच्या तोंडावरून काढून माझ्या तोंडाला लावलं, ते सांगते. लाखनीच्या बाजारात सांगते. नाव घेऊन सांगते.