पदराच्या गाठीतला स्क्रू

आमच्या हिच्या पदराला वजन असायचं. बाकीच्या बायकांच्या पदराला फार तर किल्ली नाहीतर सुटी नाणी. हिच्या पदराला लोखंड. बसमध्ये उभी राहिली की बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला ती गाठ टक्कन लागायची आणि तो कळवळून वर बघायचा. ही त्यालाच सुनवायची, "अहो, गुडघा आत घ्या, लागेल." जुन्या बाजारात तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. गाठवाल्या वहिनी म्हटलं की जो तो बोट दाखवायचा.

मी ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. शाळा सातवीतच सुटली, हातात काठ्या आल्या. हिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आमचाच बँड होता. वरात दोन तास रेंगाळली आणि ही दोन तास माझ्या हाताकडं बघत उभी होती. पुढं लग्न ठरल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "तोंडाकडं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हाताकडं बघितलं." त्या वरातीत तिनं मला ऐकलं ते ऐकलं. नंतर मी गावभर वाजवला, घरात कधी वाजवला नाही. बायकोसमोर कोण वाजवतं?

मग ते ऑक्टोपॅड आलं. एवढीशी पाटी, तिच्यावर काठी मारली की आठ जणांचा आवाज. आठ जण घरी बसले, त्यातला मी एक. बँड मोडला. मी काठ्या माळ्यावर टाकल्या आणि नारायण पेठेतल्या आमच्या दीड खोलीत जुने ड्रम दुरुस्त करायला लागलो. परदेशी माल खुला झाला होता. चकचकीत नवे ड्रम दुकानात आले तसे लोकांनी जुने भंगारात घातले, आणि काही वर्षांनी त्यांचीच कॉम्प्युटरात नोकरीला लागलेली पोरं विचारत आली, काका, आजोबांचा ड्रम होता, जसा होता तसा करून मिळेल का? जसा होता तसा! तुम्हीच तो कोळशाच्या पोत्याखाली ठेवला होता, असं मी तोंडावर सांगायचो. ही मला आत पाठवायची आणि त्यांना चहा द्यायची.

चामडं मिळतं, वाकडं कडं ठोकून सरळ होतं. मिळत नाही तो स्क्रू. ड्रमचं कडं आवळून धरणारा तो लांब स्क्रू इंग्लिश ड्रमचा वेगळा, अमेरिकन वेगळा, आपल्याकडचा वेगळा. दिसायला सारखे, पण आटे जुळत नाहीत. हे काम हिचं. कागदावर माप घेऊन जाणं तिला मान्य नव्हतं. ड्रमचा एक स्क्रू काढायचा, त्याचाच नट त्याच्यावर चढवायचा, पदराच्या टोकात बांधायचा आणि बुधवारी, रविवारी जुना बाजार गाठायचा. ताडपत्रीवर कुकरच्या शिट्ट्या, शिलाई मशीनची चाकं, दाराच्या बिजागऱ्या यांचे ढीग. ही ढिगाशेजारी फतकल मारून बसायची, गाठ सोडायची आणि एकेक स्क्रू त्या नटात फिरवून बघायची.

"दीड फेऱ्यात कळतं," असं तिचं म्हणणं. पहिला अर्धा फेरा कोणीही जातो. पुढच्या फेऱ्याला परका अडतो. जोर लावायचा नाही, आपला असेल तर बोटानं आत जातो. मुलाचं लग्न जमवायला गेलो तेव्हा मी घराणं, शिक्षण विचारत बसलो. ही मुलीबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि चहा उकळायच्या आत बाहेर येऊन मला म्हणाली, जमलं. दीड फेराच झाला असेल. सून चांगली निघाली, हे मला मान्य करावं लागतं.

एका बुधवारी ती रिक्षातून उतरली ती मांडीवर ड्रम घेऊन. खडकीच्या एका भंगारवाल्याकडून आणलेला, कधीकाळी पलटणीच्या बँडमधला, पितळी. एका बाजूनं चेपलेला, वरून रंगाचे तीन थर. मी विचारलं, कुठल्या गिऱ्हाईकाचा? म्हणाली, "हा गिऱ्हाईकाचा नाही. हा तुमचा."

महिनाभर खपलो. पोचा काढला, रंग खरवडला, पितळेत तोंड दिसेपर्यंत घासलं. दहा स्क्रू लागत होते, नऊ निघाले. दहावा कुठं पडला कोणास ठाऊक. नऊ आवळून मी ड्रम पाटावर ठेवला, तशी ही हात पुसत समोर येऊन बसली. वाजवा, म्हणाली. मी म्हटलं, दहावा मिळाला की वाजवीन.

"नवावर काय बिघडतंय?"

"दहा म्हणजे दहा," मी म्हणालो.

खरं आता लिहून टाकतो. काठ्या सुटून वर्षं झाली होती. हात गेले असतील, हिच्यासमोर फजिती होईल, याची भीती होती मला. त्या भीतीला मी दहाव्या स्क्रूचं नाव दिलं. तिला ते कळलं असेल का? दीड फेऱ्यात माणूस ओळखणारी बाई. पण तिनं तसं कधी दाखवलं नाही. त्या ड्रमचा एक स्क्रू नटासकट काढून घेतला, पदराला बांधला आणि बाजाराला लागली.

चौदा वर्षं ती गाठ सुटली नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या गाठी आल्या, सुटल्या, ही मात्र साडी बदलली की या पदरातून त्या पदरात. मध्ये एकदा तिनं एका लेथवाल्याकडून हुबेहूब स्क्रू काढून आणला. बसत होता बोटानं. मी हातात घेऊन परत दिला, म्हटलं, खोटा दात नको मला. तिनं तो स्क्रू डब्यात टाकला. मग मुलगा हिंजवडीला लागला. त्यानं कॉम्प्युटरवरून थेट अमेरिकेहून दहा स्क्रूंची पुडी मागवली. आईला म्हणाला, तुझं काम एका क्लिकमध्ये झालं बघ. हिनं पुडी फोडून एक स्क्रू नटात फिरवला. दीड फेऱ्यावर अडला. "साहेब, तुमचा पाहुणा दारातच अडलाय," म्हणाली, आणि तेही दहा डब्यात.

दर दिवाळीला कपाटावरचा ड्रम खाली यायचा, चादर सोडून ती तो पुसायची आणि विचारायची, नवावर काय बिघडतंय? मी दहा म्हणजे दहा म्हणायचो. ती परत चादर गुंडाळायची. पुढं पुढं आम्हाला दोघांनाही हे बोलणं फराळासारखं झालं होतं, वर्षातून एकदा व्हायचंच. माझ्यासारखा मूर्ख मीच.

गुडघे दुखायला लागले तरी बाजार सुटला नाही. एका रविवारी ढिगाशेजारी बसल्या बसल्याच ती कलंडली. ताडपत्रीवाल्या चाचानं दुकान तसंच उघडं टाकून तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, मुलाला फोन केला. मी पोचलो तेव्हा नाकातोंडात नळ्या होत्या. संध्याकाळी नळी काढल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं मुलाबद्दल काही सांगेल.

"गाठ आहे ना?" तिनं विचारलं.

नर्सनं साडी पिशवीत घालून माझ्याकडं दिली होती. मी चाचपून बघितलं. आहे, म्हणालो.

"अर्धा ढीग राहिलाय. बुधवारी बघते."

मंगळवारी गेली.

हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. बायकांचं सगळं झाल्यावर मी पिशवीतल्या साडीची गाठ सोडली आणि तो स्क्रू तिच्या नव्या पदराला बांधायला लागलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, असं लोखंड बरोबर देऊ नये. मी म्हटलं, ती याच्याशिवाय कधी दाराबाहेर पडलेली नाही. गाठ बसेना. मुलानं पुढं होऊन पदराचं टोक धरलं, तेव्हा कुठं बसली.

दुसऱ्या दिवशी अस्थी आणायला गेलो. विद्युतदाहिनीवरच्या माणसानं मडकं दिलं आणि मग थांबवलं. "काका, बाईंच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं का? स्क्रू निघालाय."

"ऑपरेशन नव्हतं," मी म्हणालो. "तिचाच आहे."

त्यानं कागदात बांधून दिला. काळा पडलेला, नट घट्ट चिकटलेला. अस्थी नदीत सोडल्या. पुडी खिशात राहिली.

तेरावं झालं. सगळे गेले. मुलगा तेवढा रजेवर घरी होता. स्क्रू मी चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला होता. नट सुटला. तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, तेल लावलं. कपाटावरचा ड्रम मी पहिल्यांदाच स्वतः खाली घेतला. इतकी वर्षं ती काढायची. चादरीला तिनं मारलेली गाठ होती, ती सोडायला वेळ लागला. नट त्याच्या जागी बसवला आणि स्क्रू फिरवला. अर्धा फेरा. एक. दीड. जोर लावावा लागला नाही, बोटानं आत गेला.

नऊ झाले. दहाव्याची जागा तशीच उघडी होती.

माळ्यावरून काठ्या काढल्या आणि पाटावर ड्रम ठेवून वाजवला. तिच्या बहिणीच्या वरातीत वाजवला होता तोच ठेका. सुरुवातीला हात अडखळले, मग ठेका सापडला. मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्यानं आपल्या बापाला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. समोरची जागा, जिथं ती हात पुसत येऊन बसली होती, तिकडं मी बघितलं नाही. ठेका चुकला असता.

उघड्या जागेपाशी आवाज थोडा सैल येतो. पण तो मला कळतो, कारण मी वाजवणारा. तिला कळला नसता. कळला असता तरी तिला चालला असता.

नवावर काय बिघडतंय, म्हणून चौदा वर्षं विचारत होती. काही बिघडत नव्हतं.