व्हर्ना, मॅव्हिस आणि न पुसणारी डिस्क

एल्डर क्रीकच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबात, एकोणीस वर्षं एकच रीत चालत आली होती. प्रिंटर अडला, गुणफलक बंद पडला, स्वयंपाकघरातला टायमर उगाच वाजायला लागला, की लोक म्हणायचे, "व्हर्नाला विचारा." या दोन शब्दांवर व्हर्ना पॅशको जगत होती म्हटलं तरी चालेल.

ती काही शिकलेली इंजिनिअर नव्हती. गावच्या शाळेत कारकून होती. शाळेत पहिला कॉम्प्युटर खोक्यातून आला तेव्हा मुख्याध्यापक त्याच्यापासून दोन हात लांब उभे राहिले. व्हर्नाने खोकं फोडलं, वायरी जोडल्या आणि सोबतची पुस्तिका रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या पुस्तकात लपवून वाचून काढली. तेव्हापासून गावातलं एकही यंत्र तिला विचारल्याशिवाय आजारी पडलं नाही. निवृत्त झाल्यावर शाळेने तिला घड्याळ दिलं. पण तिला खरा मान मिळायचा तो क्लबात.

आणि मग मॅव्हिस लिंडग्रेन कॅलगरीहून गावी परत आली. उंच, हसरी, सगळ्यांच्या नातवंडांची नावं पाठ. पहिल्याच हंगामात तिच्या संघाने चषक नेला. तेही व्हर्नाने गिळलं असतं. पण मॅव्हिसने क्लबाच्या जेवणाला पेरोगी करून आणल्या. पेरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या. व्हर्नाच्या युक्रेनियन आजेसासूपासून चालत आलेली विद्या. ही स्वीडिश बाई त्यात कुठून उतरली? आणि व्हर्नाचा नवरा ऑरेस्ट ताट पुसत म्हणाला, "हिची पारी कशी पातळ असते बघ."

त्या दिवसापासून व्हर्ना मॅव्हिसला पाण्यात पाहू लागली.

एप्रिलमध्ये, हंगाम संपताना, क्लबाचा अध्यक्ष गॉर्डी मॅकफेल म्हणाला, "व्हर्ना, तुझ्यावर फार भार पडतो. पुढच्या हंगामापासून कॅमेऱ्याचं काम मॅव्हिस बघेल." बर्फावरचा तो कॅमेरा व्हर्नानेच बसवला होता. त्याने टिपलेले सामने एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर साठत, आणि त्या डिस्कवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. "छानच झालं," व्हर्ना म्हणाली. दुसऱ्या दिवशी चष्मा विसरल्याचं निमित्त काढून ती क्लबात गेली, कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडली आणि एक ओळ टाइप करून डिस्कला कुलूप घातलं. आता डिस्कवरचं वाचता येणार होतं, पण नवं लिहिता येणार नव्हतं आणि जुनं पुसताही येणार नव्हतं. जुने सामने कुणाच्या हातून चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून हे करतेय, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःचाही त्यावर विश्वास बसला नाही, पण सांगितलं.

उन्हाळाभर तिने मनात मांडे खाल्ले. मॅव्हिस येईल, तोंड पाडून विचारेल, आपण चष्मा पुसत म्हणू, "बघू इकडे."

नोव्हेंबर आला. शनिवारी स्पर्धा होती, सोळा संघ. त्याआधी डिस्क फॉरमॅट करून रिकामी करायची होती. जुने सामने मॅव्हिसने शाळेच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, पण डिस्क काही पुसेना. 'राइट-प्रोटेक्टेड' एवढंच पुन्हा पुन्हा येत राहिलं. मॅव्हिसने केबल बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. बाजूला एखादं बटण आहे का म्हणून डिस्क उलटीपालटी केली. इंटरनेटवर वाचलं, पण काळ्या खिडकीत हात घालायची तिची हिंमत झाली नाही. आणि एवढं सगळं होऊनही ती व्हर्नाकडे आली नाही. तीन दिवस व्हर्ना फोनपाशी बसून होती.

शुक्रवारी दुपारी सगळे वरच्या हॉलमध्ये सूप पीत असताना मॅव्हिस डिस्क हातात घेऊन उभी राहिली.

"ऐका. दगड माझ्याकडून जळला."

क्लबाच्या सामन्यांना पंच नसतो. सरकत्या दगडाला ज्याचा पाय किंवा बर्फ घासायचा झाडू लागला त्याने स्वतःच हात वर करून सांगायचं, 'जळला'. कुणी पाहिलेलं असो वा नसो. एल्डर क्रीकमध्ये खेळाबाहेरच्या चुकाही याच शब्दात कबूल होतात.

"सोमवारी पार्किंगमध्ये ही माझ्या हातून बर्फावर पडली," मॅव्हिस म्हणाली. "तेव्हापासून पुसतच नाहीये. नवी मी आणून देईन. आणि कॅमेऱ्याचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाकडे तरी द्या."

"अगं, पडायचंच," गॉर्डी म्हणाला. "सांगितलंस, हे मोठं." कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला, कुणी स्वतःच्या ताटातली सास्काटून बेरीची गोड पेस्ट्री तिच्यापुढे सरकवली. व्हर्ना बघत राहिली. एकोणीस वर्षं दुरुस्त्या केल्या, पण तिच्यापुढे कुणी कधी पेस्ट्री सरकवली नव्हती.

"बघू इकडे," ती म्हणाली. ठरवलं होतं तसं चष्मा पुसायचं मात्र राहून गेलं.

सगळे ऑफिसात तिच्यामागे जमले. पडदा पाठीने झाकत तिने काळी खिडकी उघडली, कुलूप काढलं आणि फॉरमॅटचं बटण दाबलं. दहा सेकंदांत डिस्क कोरी झाली.

"व्हर्ना ती व्हर्नाच," गॉर्डी म्हणाला. टाळ्या पडल्या. एप्रिलपासून ज्याची वाट पाहिली ते हेच.

मॅव्हिसने तिला मिठी मारली. "काय झालं होतं गं? पडल्यामुळेच ना?"

"असेल."

"बघा रे," मॅव्हिस वळून म्हणाली, "मी मोडलं आणि हिने सावरलं." आणि सगळे बघू लागले ते मॅव्हिसकडे. किती साधी बाई, अशा नजरेने.

"चला व्हर्ना, जिंकलीस तू," गॉर्डी म्हणाला. "आता हरलेलीला पाज." खेळानंतर जिंकणाऱ्याने हरलेल्याला पाजायचं, हाही क्लबाचा कायदाच. हॉलमध्ये परतल्यावर व्हर्नाने बारवरून राय व्हिस्कीचा ग्लास घेतला आणि वळली. मॅव्हिस मजेत पेस्ट्री खात बसली होती. जिने काही केलंच नव्हतं तिला कबुलीचा मान, आणि जिने केलं तिला नुसत्या टाळ्या. व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूप माझं, खोटेपणा माझा, सात महिने जागून सांभाळला मी, आणि खरेपणाही हिनेच न्यायचा?

"तिने काही मोडलेलं नाही," ती म्हणाली. आवाज भलताच मोठा निघाला. "दगड मी जाळलाय. एप्रिलमध्ये डिस्कला कुलूप मीच घातलं होतं."

"व्हर्ना, खाली बस," ऑरेस्ट म्हणाला.

"पण का गं?" मॅव्हिसने विचारलं.

"का म्हणजे? जळते मी तुझ्यावर. तू यायच्या आधी लोक मला विचारायचे. आता हा माझा नवरासुद्धा तुझ्या हातच्या बारा पेरोगी खाऊन येतो."

"नऊ होत्या," ऑरेस्ट सुपाकडे बघत म्हणाला.

कुणी हसलं नाही. 'सांगितलंस, हे मोठं,' असं गॉर्डी या वेळी म्हणाला नाही. त्याने कॉफीच्या कपात बघितलं, बाकीच्यांनी खिडकीतून खाली बर्फाकडे. व्हर्ना ग्लास हातात धरून हॉलच्या मधोमध उभी होती.

मॅव्हिस उठली. बारपाशी गेली, दुसरा ग्लास भरून घेतला आणि रिकाम्या टेबलावर व्हर्नाच्या खुर्चीसमोर ठेवला. आता पाजणारी ती होती. कोण जिंकलं हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं, व्हर्नाला तर सगळ्यांत आधी.

"बस आणि पी," मॅव्हिस म्हणाली. "आणि उद्या खेळ सुरू व्हायच्या आधी आठला ये. मला ती काळी खिडकी शिकव."

व्हर्ना बसली. ते एकदा शिकवलं की तिला विचारायचं लोकांना काही कारणच उरणार नव्हतं. नाही म्हणण्याइतका वेळ तिच्याजवळ होता. तिने समोर ठेवलेल्या ग्लासातून एक मोठा घोट घेतला. राय घशाला झोंबली, पण मॅव्हिसच्या हसऱ्या तोंडाइतकी नाही.

"सातला येते," ती म्हणाली. "आठला आले तर तुझं आटपायचं नाही."