कुंदाताईंचं पान

शिकवताना कुंदाताई कधी खुर्चीत बसल्या नाहीत. महाडच्या बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर आमचा संगणकाचा क्लास होता. मुलं टायपिंग करत असायची आणि ताई त्यांच्यामागून येरझाऱ्या घालायच्या. पावसाळ्यात त्या येरझाऱ्या खिडकीपर्यंत लांबायच्या. मी तिथे शिकवायला नवी लागले तेव्हा विचारलं, "ताई, सारखं काय बघता?"

"नदी," त्या म्हणाल्या. आमच्या खिडकीतून नदी दिसत नव्हती.

कारण नंतर कळलं. आधीच्या एका पुरात 'पाणी उतरतंय' असा मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरला. ताईंचे यजमान दुकानातला माल बघायला परत गेले. पाणी चढतच होतं. त्यांचा देह सापडला दासगावच्या बाजूला. ताई त्यावर एवढंच बोलायच्या, "कुणी बघितलं नव्हतं गो. सगळ्यांनी नुसतं पुढं पाठवलं."

एका मे महिन्यात त्यांनी क्लासातला जुना संगणक कोपऱ्यात मांडला आणि त्यावर वेब सर्व्हर बसवायला घेतला. एका फोल्डरमध्ये एक पान आणि नदीकाठच्या पायऱ्यांचा फोटो; किती पायऱ्या बुडाल्या त्यावरून पाणी कळायचं. क्लासच्या वायफायला फोन जोडून पत्ता टाकला की ते दिसायला हवं. इंटरनेट गेलं तरी अडणार नव्हतं, सगळं त्या खोलीतच होतं. मी सुचवलं, हवामानाचा अंदाज टाकू, गाव निवडायची सोय करू.

"नको. फाईल हाय ती तशीच द्यायची. त्याला जास्ती डोकं चालवायला लावलं की ऐन वेळी झोपतो."

पान त्या संगणकावर उघडलं, फोनवर मात्र उघडेना. ताई दुपारभर जेवल्या नाहीत. सेटिंग वाचता वाचता मध्येच थांबल्या. "हा स्वतःशीच बोलतोय बघ. बाहेरच्याचं ऐकायला आपण सांगितलंच नाय." एक ओळ बदलली, फायरवॉलमधून वाट मोकळी केली. मग फोनवर आलं, परवानगी नाही. फोल्डर वाचायची मुभा सर्व्हरला द्यायची राहिली होती. ती दिली आणि माझ्या फोनवर पायऱ्या उमटल्या. कोरड्या, उन्हातल्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

जुलैत पाणी चढलं. वीज गेली, मोबाईलचं नेटवर्कही गेलं. सर्व्हर आणि वायफाय इन्व्हर्टरवर चालू होते. ताई नदीकडे जायच्या, लांबून फोटो काढायच्या, परत येऊन फोल्डरमध्ये टाकायच्या, खाली वेळ लिहायच्या आणि पुन्हा जिना उतरायच्या. खिडकीखाली दुकानदार आमचं वायफाय मिळावं म्हणून फोन वर धरून उभे होते. "धरण सोडलं म्हणतात," कुणीतरी म्हणालं.

"म्हणतात त्यांनी बघितलं काय? फोटो बघा," ताई जाता जाता म्हणाल्या.

माणसं फोटो बघून माल माळ्यावर चढवू लागली. एका फेरीला ताईंना फार उशीर झाला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. त्या आल्या त्या नखशिखांत भिजून. पिशवीतला फोन तेवढा कोरडा होता. "आता मी जाते," मी म्हटलं.

"नाय. तू पान सांभाळ."

संध्याकाळी पाणी रस्त्याच्या कडेला टेकून मागे फिरलं. दुसऱ्या दिवशी समोरचे किराणावाले वैतागून आले. "ताई, उगाच पोती चढवायला लावलीत. पाणी आलंच नाही."

"येणार असं मी कुठं म्हटलं? कुठवर हाय ते दाखवलं."

पुढे आजारपण आलं आणि ताई वरंधला भावाकडे राहायला गेल्या. गेल्या श्रावणात मी भेटायला गेले तेव्हा त्या अंथरुणात होत्या, पण बोटं चादरीवर चालूच होती. बाहेर पाऊस कोसळत होता.

"पायऱ्या दिसतायत का गो?"

"दिसत असतील, ताई."

त्यांनी मान वळवली. "असतील नको. बघून सांग."

मी चहा तसाच ठेवून उठले. मिळेल त्या एसटीने महाडला आले आणि नदीवर जाऊन फोन लावला. भावाने तो त्यांच्या कानाला धरला.

"ताई, समोर उभी आहे. सगळ्या दिसतायत."

 मग त्या म्हणाल्या, "बरं. आता घरी जा, जेव."

त्याच आठवड्यात ताई गेल्या.