आमच्या नळाचा अहवाल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळसुद्धा नाही — आणि आता हेही नाहीत. तुम्ही समोर बसलात, म्हणून जीभ उचलतेय.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. करी रोडच्या आमच्या चाळीत मजल्याला एकच नळ. मला दिवस गेले होते, भरलेला हंडा उचलवत नव्हता. शेवटच्या खोलीत कांबळे म्हणून नवं बिऱ्हाड आलं होतं. नवरा गिरणीत, बौद्ध झालेली माणसं. त्यांची सखूबाई एकदा म्हणाली, "वहिनी, तुम्ही कळशी घ्या, हंडा मी आणते." मग रोजच आणू लागली. उंबऱ्याबाहेर ठेवायची, आत यायची नाही. का — ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी तरी कधी "आत ये" म्हटलं का?

पुढे मजल्यावर कावीळ आली. माझा धाकटा दीर अंथरुणाला खिळला, डोळे हळदीसारखे पिवळे. सासूबाई त्याच्या उशाशी बसून असायच्या. पोटचा पोर तसा पडलेला बघून माणूस काय काय बोलतं! नळावर सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "ती माणसां इल्यापासूनच ह्यां सुरू झालां." आणि ते वाक्य मजलाभर पसरलं.

कांबळे येण्याआधी कधीतरी पाण्याला वास येतो म्हणून तक्रार गेली होती, म्युनिसिपालटीचा माणूस येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेला होता. त्याचा अहवाल त्यांच्या कचेरीत कुणालाही बघता येतो, असं कळलं. पण तो इंग्रजीत. मराठी राज्यासाठी आमची माणसं रस्त्यावर उतरली होती, आणि आमच्या नळाचं पाणी कसं आहे ते मात्र इंग्रजीत! मजल्यावर मॅट्रिक झालेली मी एकटी. मामंजी मला घेऊन गेले.

दोन ठिकाणचं पाणी तपासलं होतं. रस्त्याखालच्या मोठ्या नळीतलं शुद्ध. आमच्या मजल्यावरचं दूषित. एक शब्द अडला, तो कारकुनाला विचारला. "झिरपणं," तो म्हणाला, "गटाराशेजारची तुमची नळी फुटलीय, घाण आत झिरपतेय." मामंजी तेव्हा दाराशी कुणाशी बोलत होते. वर तारीख होती — कांबळे राहायला येण्याच्या आधीची.

मला सगळं कळलं. एकूण एक ओळ.

संध्याकाळी गॅलरीत सगळे जमले. सखूबाई कठड्याला टेकून उभी. तिचा नवरा शेजारी — मोर्चाला आमच्या ह्यांच्या खांद्याला खांदा लावून गेलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सासूबाईंकडे बघितलं. आणि म्हणाले, "फार अवघड इंग्रजी आहे, मला नीट कळलं नाही. पाणी उकळून प्या, एवढं लिहिलंय."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? सासूबाई चारचौघांत खोट्या पडल्या असत्या. चार दिवस अबोला, टोमणे. बस. एवढ्यालाच मी घाबरले.

दुसऱ्या दिवसापासून कांबळ्यांच्या हंड्याला नळ बंद झाला. सखूबाई खाली रस्त्यावरच्या नळावरून पाणी आणू लागली, तीन जिने चढून. माझ्या दाराशी मात्र थांबत नव्हती. हे कुणाशी काही बोलले नाहीत, मीही नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी बिऱ्हाड हलवलं. जाताना ती उंबऱ्याशी आली. "बाळंतपणाला जपा, वहिनी," म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला वाचता आलं असतं, तर तुम्ही सांगितलंच असतंत."

मी मान हलवली.

पावसाळ्यानंतर गटार खणलं. गंजून चाळण झालेली नळी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. सासूबाईंनीही कठड्यावरून वाकून बघितली, मग आत गेल्या.

बऱ्याच वर्षांनी दादरच्या भाजीबाजारात सखूबाई भेटली. केस पिकलेले, पण हाक तीच. दीर कसा आहे विचारलं, सासूबाईंची चौकशी केली. बाळंतपणात काय झालं — मुलगी, म्हटल्यावर केवढी हसली! आपल्या पिशवीतली मेथीची जुडी माझ्या पिशवीत घातली, "तिला करून घाला" म्हणाली. भोवती अनोळखी गर्दी. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. भ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मी तेव्हाही सांगितलं नाही.