दारात टांगलेला पिस्टन

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या माणसांकडे दोन गोष्टी साठत जातात, उरलेले नटबोल्ट आणि किस्से. दोन्ही फेकवत नाहीत, आणि दोन्हींचा नक्की उपयोग काय, हे कोणी विचारू नये. रायपुरात तात्यापाऱ्यातल्या गॅरेजात आम्ही तिघं दर रविवारी जमतो. गॅरेजवाला दिलीप, सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये मेन्टेनन्स बघणारा शिरीष, आणि मी. मी रेल्वेच्या ऑफिसात आहे आणि आमच्यात सर्वात भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

*

गाडी बाबांची. पांढरी, गोल बोनेटची, त्यांनी नोकरीत असताना घेतलेली. तिच्या इंजिनाचा ब्लॉक आता कुठेच मिळत नाही. दिलीपने नागपूरपासून जबलपूरपर्यंतचे भंगारवाले पालथे घातलेत. म्हणजे हे इंजिन गेलं की गाडी गेली, आणि गाडी गेली तर बाबांचं काय होईल, याचा विचार मी करतच नाही.

एका संध्याकाळी उड्डाणपुलाच्या चढावर बाबांना एका स्कूटीने ओव्हरटेक केलं. स्कूटीवर मागे गॅसचं सिलिंडर होतं. भरलेलं होतं, हे बाबांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी कोइंबतूरहून जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट मागवला आणि जाहीर केलं, "केशकालचा घाट टॉप गिअरमध्ये चढून दाखवतो."

आई भाजी निवडत होती. "कोणाले दाखवता?" तिने विचारलं.

*

आता थोडं समजून घ्या, म्हणजे माझी भीती कळेल. कॅम, म्हणजे उंचवट्यांचा फिरता दांडा, व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. नवा कॅम व्हॉल्व्हला जास्त आत ढकलतो. स्प्रिंग नरम निघाली तर गाडी जोरात पळताना व्हॉल्व्ह वेळेत परत जात नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटतो. स्प्रिंग फार कडक घेतली तर कॅमच घासून खलास होतो. दोन्हीकडून मरण आहे, कुठलं हवं ते आपण निवडायचं!

शिरीष कडकवाला. त्याने आपल्या जीपमध्ये मिळतील त्यात सर्वात कडक स्प्रिंगा बसवल्या होत्या. पावसाळा संपायच्या आत जीप खोकायला लागली. तेल काढलं तर त्यात लोखंडाचा चमचमणारा गाळ, आणि कॅमचे उंचवटे घासून गोल झालेले. दिलीपने कपाळावर हात मारून घेतला. शिरीषने मात्र एक स्प्रिंग उचलली, पुसली, उजेडात धरली आणि समाधानाने म्हणाला, "पण स्प्रिंग पाह्य ना बे. नवीच्या नवी आहे."

*

दिलीपच्या गॅरेजच्या दारात एक पिस्टन टांगलेला आहे. इतर दुकानांच्या दारात लिंबू-मिरची असते, त्याच जागी. त्याच्या डोक्याला एवढं मोठं भोक आहे की माझा अंगठा आरपार जातो. एका गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलचा तो. नव्या कॅमवर जुन्याच नरम स्प्रिंगा ठेवून ते गिऱ्हाईक सुसाट निघालं, व्हॉल्व्हचं डोकं तुटलं आणि पिस्टन फोडून खाली गेलं. मागचं चाक जाम झालं. मागून ट्रक येत होता. गिऱ्हाईक वाचलं, पण पुन्हा कधी मोटरसायकलवर बसलं नाही.

मी त्या पिस्टनखालून जाताना मान खाली घालतो. बाबा कॅमशाफ्टचं खोकं घेऊन पहिल्यांदा गॅरेजात आले तेव्हा दारातच थांबले. चष्मा वर करून त्यांनी त्या भोकाकडे बराच वेळ पाहिलं आणि दिलीपला विचारलं, हा कोणाचा.

"ज्याले घाई होती, त्याचा," दिलीप म्हणाला.

बाबा हसले. माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे, त्यामुळे माझी भीती वाढली.

*

स्प्रिंग निवडायची तर तिचा जोर मोजावा लागतो. त्यासाठी खास यंत्र असतं, आमच्याकडे नव्हतं. शिरीषने डोकं चालवलं आणि दिलीपच्या बायकोचा, म्हणजे वंदनावहिनींचा, वजनकाटा वरच्या घरातून खाली आणला. ड्रिल मशीनच्या खाली काटा, काट्यावर स्प्रिंग, आणि मशीनचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची. काट्यावर आकडा दिसतो. महिनाभर आम्ही नरम, मध्यम आणि कडक असे तीन संच दाबून पाहत होतो, आणि दर वेळी काटा गुपचूप वर नेऊन ठेवत होतो.

शेवटच्या रविवारी कडक स्प्रिंग दाबताना ती तिरकी झाली. मला फक्त "सटक" एवढंच ऐकू आलं. मग पत्र्यावर आवाज, मग खिडकीवर, मग काहीच नाही. आम्ही तिघंही टेबलाखाली होतो. माझं काळीज इतक्या जोरात उडत होतं की शिरीषने मला गप बस म्हणून सांगितलं, मी काही बोललो नसताना.

जिन्यावरून वंदनावहिनी उतरल्या. एका हातात स्प्रिंग, दुसऱ्या हातात भोक पडलेला पापड. त्यांनी आधी आमच्याकडे, मग ड्रिलखालच्या काट्याकडे पाहिलं आणि काटा तसाच रिकामा असताना वाकून त्यावरचा आकडा वाचला. तो शून्याच्या बराच मागे गेलेला होता.

"तरीच माझं वजन घटून राहिलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही मध्यम स्प्रिंगा नक्की केल्या. भित्र्या माणसाला मध्यम या शब्दातच धीर वाटतो.

*

पण नुसता जोर जुळून भागत नाही. नवा कॅम व्हॉल्व्हला किती खाली ढकलतो आणि तिथून पिस्टन किती लांब राहतो, हेही पाहावं लागतं. त्यासाठी पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून, हेड, म्हणजे इंजिनाचं व्हॉल्व्हवालं झाकण, बसवून इंजिन हाताने फिरवतात. मग हेड काढून दबलेला थर मोजतात. आम्ही मातीऐवजी कणिक वापरतो. आमच्या घरून आईच्या स्टीलच्या डब्यातून मी ती नेली. हाताने फिरवायला हलकं जावं म्हणून या तपासणीपुरत्या जुन्या नरम स्प्रिंगाच हेडमध्ये ठेवल्या होत्या.

इंजिन फिरवताना मी डोळे मिटून घेतले होते. हेड उघडलं, दिलीपने कणिक अलगद सोडवली आणि बोटांत धरली. चांगली जाडजूड होती. "भाकर आहे बे, फुलका नाही," तो म्हणाला, आणि मी महिन्याभरात पहिल्यांदा नीट श्वास घेतला. वंदनावहिनींनी त्या आनंदात पोहे पाठवले. पोहे खाऊन, हात धुऊन आम्ही हेड परत बसवलं, कव्हर लावलं, गाडी सुरू केली. इतकी मऊ चालली की कडकवाल्या शिरीषनेसुद्धा मान डोलावली. मी ती समता कॉलनीत घरी आणून बाबांच्या हातात किल्ली दिली.

*

पुढच्या रविवारी सकाळी बाबा गाडी काढून तयार होते. शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं की आज धमतरी रोडवर शंभर करून दाखवणार. आई पुढच्या सीटवर बसली होती. निघता निघता तिने काच खाली केली आणि मला बजावलं, "दिलीपकडून माझा कणकेचा डबा घेऊन ये. आठ दिवस झाले."

तासाभराने मी गॅरेजात गेलो. डबा फळीवर होता. उचलला तर जड लागला. कणिक राहिली असेल आणि आता वास मारेल, म्हणून झाकण उघडलं.

आत तेलात बुडवलेल्या, चकचकीत, मध्यम स्प्रिंगा होत्या. सगळ्या.

मी दिलीपकडे पाहिलं. दिलीपने डब्यात पाहिलं. मग आम्ही दोघांनीही, एकमेकांना न सांगता, दारातल्या पिस्टनकडे पाहिलं. दिलीप टायरवर बसला आणि म्हणाला, "पोहे... पोहे खाल्ले न आपण. नरमच राहिल्या आत."

बाबांना फोन लावला. तो घरी चार्जिंगला होता, माझ्या बायकोने उचलला. आई फोन वापरत नाही. तेवढ्यात आलेल्या शिरीषच्या बाइकवर मी मागे बसलो, डबा छातीशी धरून, आणि आम्ही धमतरी रोडवर सुटलो. समोरून येणारा प्रत्येक ट्रक दिसला की मी त्याच्या बंपरला पांढरा रंग लागलाय का ते बघत होतो. मला आईचा हात दिसत होता, काच खाली करणारा. अभनपूरच्या पुढे गेलो. रस्त्यात गर्दी नाही, तेलाचा डाग नाही, गाडी नाही. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "आले न ते. केव्हाचेच. तुमचा फोन ठेवला अन् आलेच."

परत आलो तेव्हा गाडी फाटकात उभी होती. बाबा बोनेटवर हात ठेवून शेजाऱ्यांना सांगत होते की शंभरला काटा टेकवला, तरी इंजिनाचा आवाजसुद्धा नाही. "पोराने स्प्रिंगाच अशा निवडल्या," ते म्हणत होते.

आईने मला बाजूला ओढलं.

"शंभर-बिंबर काही नाही," ती हळूच म्हणाली. "काटा चाळीसच्या वर गेलाच नाही. अभनपूर यायच्या आधीच पलटवली गाडी. हात पाह्य त्यांचे, अजून थरथरून राहिले. दिलीपच्या दारातलं ते भोकाचं लोखंड डोळ्यासमोरून जात नाही म्हणे. मले म्हणाले, पोराले सांगू नको. एवढ्या मेहनतीनं स्प्रिंगा बसवल्या त्यानं, त्याले वाईट वाटन."

बोनेटवरचा बाबांचा हात खरंच थरथरत होता. मी डबा पाठीमागे धरला.

"माझा डबा आणला का?" आईने विचारलं.

"राहिला," मी म्हणालो.

"मग मागं काय वाजून राहिलं?"