नवऱ्याच्या नावाची मूठ

सगळं देवाच्या मर्जीवर सोडणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. त्या श्रावणात तर तो सगळा एकाच बाईवर साचला होता, माझ्या सासूवर.

नवरा सुरतेजवळ पलसाण्याला कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होता. वाफेची नळी फुटली आणि तो छातीपासून खाली भाजला. आठ दिवस मी सुरतेत दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सासू एकदाच आली, काचेतून बघितलं आणि घरी जाऊन कानबाईच्या तयारीला लागली. आम्ही सुरतेत राहत असलो तरी देवी आमची खानदेशातली. नारळाला डोळे आणि नथ लावून तिला बसवायचं, आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. बायकांच्या नावाची मूठ नसते. त्यांनी फक्त राबायचं.

त्या शनिवारी मी अंघोळीपुरती घरी आले, तर सासू सूप घेऊन बसलेली. जाऊ शेजारी घरघंटी पुसत होती. सासूनं दिराची मूठ टाकली, त्याच्या दोन मुलांची टाकली, माझ्या मुलाची टाकली आणि सूप बाजूला सारलं.

"तुमचा मोठा राहिला," मी म्हणाले.

"त्याले मी कानबाईना हातमा दिधा, पोरी. आते ती ठेवी तसा राही. मी काही मांगस नही."

माझं डोकंच फिरलं. ही आई आहे की दगड? डॉक्टर अजून दोन दिवस बघू म्हणत होते आणि इथे जिवंत माणसाला मोजणीतूनच काढून टाकलं होतं. मी तशीच पुढे झाले. अंगावर दवाखान्यातली साडी, हाताला मलमाचा वास. डब्यात हात घालून नवऱ्याची सव्वा मूठ काढली आणि सुपातल्या गव्हात पार कालवून टाकली, कुणाला वेचता येऊ नये म्हणून.

"अवो ताई! सगळं बाटाडी टाकं!" जाऊ ओरडली.

सासू सुपाकडे बघत राहिली. तिनं ते गहू फेकावेत असं मला वाटत होतं, कारण मला भांडणच हवं होतं. ती जावेला एवढंच म्हणाली, "दयी टाक. तिले चाली." आणि बाटलेलेच गहू दळले गेले.

कानबाई बसली, सोमवारी उठली आणि तिचा नारळ परत देव्हाऱ्यात गेला. रोट घरातल्यांनीच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. नवऱ्याच्या नाकात नळी होती. त्याच्या वाट्याचा रोट सासूनं खाल्ला, हळूहळू, एकटीनं. मला तेही ढोंग वाटलं.

गुरुवारी सकाळी नवरा गेला.

तेराव्याला बायका जमल्या होत्या, तेव्हा जाऊ बोलली. पारोशा हातानं मूठ टाकली म्हणून देवीनं माणूस नेला. दोघीतिघींनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, तिच्या अंगावर धावून जायच्या आधी क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मी हात पदराखाली घेतले.

सासू भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "इना हातमा इतला जोर नही. मना पोऱ्या तिनीच नेला."

जाऊनं विषय सोडला. मी नाही सोडला. तेरा दिवसांचा सगळा राग मी सासूवर काढला. कसली तुमची देवी? हातात दिलेलं एक माणूस सांभाळता आलं नाही तिला, आणि तुम्ही तिला जाब विचारत नाही? यापुढे मी तिच्यापुढे हात जोडणार नाही. दिवा लावायलाही मला सांगू नका.

तेव्हा सासूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगा गेल्यापासून मी ते पहिल्यांदा बघत होते.

"नको जोडू हात," ती म्हणाली. "शिव्या दे तिले. माले जमत नही. पन तिना जवळ बठीसन दे."

हे ऐकून मी आणखीच चिडले, आणि त्या चिडीतच देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. आता रोज बसते. साड्यांना टिकल्या लावायचं काम आवरलं की त्या नारळासमोर तोंडाला येईल ते बोलते. मागे सासू ऐकत असते. तिनं मला अजून एकदाही थांबवलेलं नाही. देवीनंही नाही.